मांडीवरची प्रवासी : दहा महिन्यांच्या लेकीसोबत व्हिएन्ना ते पॅरिस

लेक जुलै २०२४ मध्ये झाली आणि नोव्हेंबरात आम्ही तिच्या पासपोर्टचा अर्ज भरायला बसलो. मे २०२५ मध्ये व्हिएन्ना, म्युनिक, ल्युसर्न आणि पॅरिस असं रेल्वेने फिरायचा बेत होता. तेव्हा ती दहा महिन्यांची असणार होती. प्रवास झाला, सगळे धड परतलो. जाण्याआधी मी जे शोधत होते ते तुकड्यातुकड्यांत सापडत होतं, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

पहिल्या अर्जातच कळलं की कागदावर बाळ पूर्ण प्रवासी असतं. त्याला स्वतःचा पासपोर्ट, स्वतःचा व्हिसा अर्ज आणि स्वतःचा विमा लागतो. भाड्याच्या बाबतीत मात्र ते जवळपास नसल्यासारखंच. सगळी तयारी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालते.

पासपोर्टसाठी जन्मदाखला, आम्हा दोघांचे पासपोर्ट आणि दोघांच्या सहीचं संमतीपत्र, म्हणजे अ‍ॅनेक्शर डी, एवढं पुरलं. लहान मुलांचं शुल्क १००० रुपये आणि आठ वर्षांखालच्यांना त्यात १० टक्के सूट. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो पासपोर्ट केंद्रात काढत नाहीत, आपणच पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा न्यायचा. मान न धरणाऱ्या बाळाचा असा फोटो काढायला स्टुडिओवाल्याने बराच घाम गाळला. शेवटी पांढऱ्या चादरीवर तिला उताणं ठेवलं, मी तिच्या डोक्यामागून खुळखुळा वाजवला आणि नवऱ्याने स्टुलावर चढून वरून फोटो काढला. तो चालला. हा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, पण तीन महिन्यांत चेहरा इतका बदलतो की पुढे प्रत्येक अधिकारी फोटो बघून एकदा तिच्याकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होता.

आता शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा. त्या एकावर हे सगळे देश फिरता येतात, पण अर्ज कोणाकडे करायचा ते आपल्या मर्जीवर नसतं. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, आणि दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. आमचा मुक्काम व्हिएन्नात सर्वांत मोठा, म्हणून ऑस्ट्रिया. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. अपॉइंटमेंट मिळणं हाच खरा अडथळा. जानेवारीत रोज रात्री आणि पहाटे वेबसाइट उघडून बसत होतो, तेव्हा कुठे १८ फेब्रुवारी मिळाली. तिघांसाठी तीन वेगळ्या अपॉइंटमेंट लागतात, बाळाचीही मोजूनच घ्या.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहा वर्षांखाली शून्य. मात्र अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं असतं आणि आमच्याकडून ते बाळाचंही घेतलं. बोटांचे ठसे १२ वर्षांखाली घेत नाहीत. तिच्या अर्जावर आम्हा दोघांच्या सह्या लागल्या. आई-वडलांपैकी एकच जण बाळाला नेणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं.

आमची गाडी अडकली नावावर. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे आणि जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारलं, "या दोघी एकच कशावरून?" विवाहनोंदणीचा दाखला सोबत होता, त्याची प्रत जोडून काम भागलं. आपल्याकडे कितीतरी जणींची कागदपत्रं अशी दोन नावांत विभागलेली असतात, तेव्हा हा दाखला मूळ प्रतीसह फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

बाकी नेहमीचंच : बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, कार्यालयाचं रजेचं पत्र, तारीखवार कार्यक्रम, रद्द करता येतील अशी हॉटेल बुकिंग. विम्याला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. बाळासाठी पॉलिसीतलं किमान वय आधी बघायचं, काही पॉलिसी अगदी तान्ह्यांना घेत नाहीत. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबवायचा अधिकार त्यांना आहे. आमचे पासपोर्ट ७ मार्चला परत आले. लिफाफा फोडून मी पहिला तिचाच पासपोर्ट बघितला. आमचे दोघांचे व्हिसा आले आणि तिचा राहिला तर काय, या विचाराने मधले दिवस फार वाईट गेले होते.

विमानाच्या तिकिटात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर, साधारण दहा टक्के भाडं आणि वर कर. बॅसिनेट, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा, ऑनलाइन मिळेलच असं नाही. तिकीट काढलं त्याच दिवशी फोन करून तो मागितला. त्याला वजनाची मर्यादा असते आणि ती कंपनीनुसार बदलते, तेव्हा प्रवासाच्या दिवशी बाळ किती किलोचं असेल त्याचा अंदाज घेऊन विचारा.

सामान बांधताना सासूबाईंनी घरच्या साजूक तुपाची बाटली आणून ठेवली. तिथे मला नियम वाचून दाखवावा लागला. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि तूप दुधाचंच. सूट आहे ती बाळाच्या दुधाच्या पावडरीला आणि तयार बाळखाद्याला : माणशी २ किलोपर्यंत, कंपनीचं सीलबंद पाकीट, उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवावं न लागणारं. वापरात असलेला डबा उघडा असला तरी चालतो. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढ्या पाचांना सूट आहे. आंबा त्या यादीत नाही आणि आम्ही निघत होतो ऐन मे महिन्यात. सासूबाई म्हणाल्या, "मग पोरीला कोरडा भात घालणार का?" व्हिएन्नाच्या दुकानातून बिनमिठाचं लोणी घेतलं आणि तिथल्याच स्वयंपाकघरात कढवलं. उत्तम तूप झालं. त्याचा फोटो घरी पाठवला तेव्हा कुठे माफी मिळाली.

९ मेच्या रात्रीचं विमान होतं. उडताना आणि विशेषतः उतरताना कानात दडे बसतात, म्हणून तेव्हा अंगावर पाजत राहिले. मधल्या विमानतळावर बाबागाडी दारात मिळेल असं सांगितलं होतं, ती मिळाली नाही, थेट शेवटच्या पट्ट्यावर आली. बेबी कॅरिअर हातातल्या पिशवीत होतं म्हणून निभावलं. ते मोठ्या बॅगेत टाकू नका. आणि बॅसिनेटमध्ये बाळ सलग झोपेल या आशेवर राहू नका. सीटबेल्टचा दिवा लागला की त्याला उचलून मांडीवर घ्यावं लागतं, आणि आमच्या विमानात तो दिवा नेमका तिचा डोळा लागला की लागायचा.

१० मेला व्हिएन्ना. विमानतळावर तिच्या पासपोर्टावरही रीतसर शिक्का पडला. (१२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंदीची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यातही १२ वर्षांखालच्यांचा फक्त फोटो घेतात, ठसे नाहीत.)

आम्ही अपार्टमेंट घेतलं होतं, कारण बाळाचं जेवण आणि बाटल्या. घरमालकाला पाळण्याबद्दल आधी लिहिलं, तो मिळाला. लिफ्टबद्दल मात्र खोदून विचारावं लागतं. व्हिएन्नातल्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर कधी उंच तळमजला, कधी मेझानिन असे मजले असतात आणि त्यांच्यानंतर कुठे पहिला मजला सुरू होतो. शिवाय लिफ्टपर्यंत पोचायलाच अर्धा जिना असू शकतो. "लिफ्ट आहे का" याऐवजी "रस्त्यापासून दारापर्यंत एकूण पायऱ्या किती" असं विचारलं, आणि पुढच्या प्रत्येक गावी हाच प्रश्न कामी आला.

वेळेच्या फरकाला बाळ कसं जुळवून घेईल याची धास्ती होती. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. घरी सातला उठणारी मुलगी तिथे पहाटे साडेतीनला ताजीतवानी! पहिल्या दिवशी तिला परत झोपवायची खटपट केली, मग सोडून दिली. पाचच्या सुमारास उजाडतं, सहाला बेकऱ्या उघडतात. रिकाम्या रस्त्यांवरून बाबागाडी ढकलत राजवाड्यांच्या बागा बघितल्या, गर्दी यायच्या आत परत. संध्याकाळी सातला ती आडवी, आम्हीही आडवे. रोज अर्ध्या तासाने पुढे सरकत ती आपोआप तिथल्या वेळेवर आली.

व्हिएन्नापासून सुरुवात करा असं मी कोणालाही सांगेन. भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, ट्राम बहुतेक बिनपायऱ्यांच्या, सहा वर्षांखाली तिकीट नाही, मोठ्या सरकारी संग्रहालयांत १९ वर्षांखाली प्रवेश मोफत. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, पहिली जलवाहिनी १८७३ ची. आमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे बाळासाठी ते उकळून घेत होतो. शोनब्रुनचं प्राणिसंग्रहालय १७५२ चं, आज चालू असलेल्यांत जगातलं सर्वांत जुनं. तिथे हत्तीपेक्षा लेकीला पायाशी फिरणाऱ्या चिमण्या जास्त आवडल्या. कुठेही बसून अंगावर पाजलं तरी कोणी वळून बघत नव्हतं, आणि दोन दिवसांत माझाही ओढणी शोधणारा हात थांबला.

१७ मेला म्युनिकची गाडी. व्हिएन्नाहून थेट चार तास. आम्ही सगळे टप्पे चार तासांच्या आतबाहेर ठेवले होते : एक झोप, एक जेवण आणि एक रड एवढ्यात बसणारे. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण म्हणून जागाही नाही. थोडे पैसे देऊन दोन जागा आरक्षित केल्या, मुलांच्या छोट्या सिनेमाची जागा असलेल्या डब्यात. तिला सिनेमा कळत नव्हता, पण तिथे सगळीच पोरं रडत असल्यामुळे आम्हाला संकोच वाटला नाही. जर्मनीत वेगवान आयसीई गाड्यांत तर लहान मुलांसाठी वेगळा कप्पा असतो, आरक्षण करताना तो निवडता येतो. डबा फलाटाच्या कोणत्या टोकाला येणार याचा तक्ता स्टेशनवर असतो. तो आधी बघून तिथेच उभं राहायचं. बाबागाडी, बॅगा आणि बाळ घेऊन अख्खी गाडी आतून पार करणं मी एकदा बघितलं आहे, दुसऱ्या एका कुटुंबाचं.

रविवारी, १८ मेला, तिला ताप आला.

सकाळी अंग कोमट वाटलं, दुपारी ३८.६ सेल्सिअस. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली काही सोडून. औषधांच्या दुकानांची पाळी ठरलेली असते आणि जवळचं कोणतं उघडं आहे ते प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. तिथे पोचलो तर दार बंद, एक छोटी खिडकी उघडी आणि घंटा. अशा वेळी औषधाच्या किमतीवर २.५० युरो जादा घेतात, तो तिथला नियम आहे. पॅरासिटामॉल आमच्याकडे होतं, पण प्यायलेलं ती ओकून टाकत होती. फार्मासिस्टने आधी वजन विचारलं आणि बाळांसाठीच्या, गुदद्वारातून द्यायच्या वड्या दिल्या. तिथे हे अगदी सर्रास चालतं. आमच्या डॉक्टरांनी निघताना तिचं वजन आणि औषधांची मूळ नावं लिहिलेला कागद दिला होता, तो फार उपयोगी पडला, कारण कंपनीची नावं तिथे कोणाला माहीत नसतात.

मग ११६११७ वर फोन केला. तातडीचं नसलेल्या आजारासाठी सुट्टीच्या दिवशी डॉक्टर मिळवून देणारा हा जर्मनीतला क्रमांक. (जिवावर बेतलं असेल तर ११२, हा सगळ्या युरोपीय संघात चालतो.) पलीकडच्या माणसाला इंग्रजी येत होतं. त्याने मुलांच्या सुट्टीच्या दवाखान्याचा पत्ता दिला. जवळजवळ दोन तास बसलो. समोर खेळणी होती, लेक त्यांच्याकडे बघतही नव्हती, आणि मला राहून राहून वाटत होतं की हिला इथे कशासाठी आणलं. नवरा काही बोलला नाही, फक्त तिची पायमोजे घातलेली पावलं हातात धरून बसला. डॉक्टर आल्या, कान, घसा, छाती बघितली. साधा विषाणूचा ताप, पाणी आणि दूध पाजत राहा, दोन दिवसांत उतरला नाही तर परत या. दुसऱ्या रात्री उतरला.

विम्याचं सांगते. दवाखान्यात जाण्यापूर्वी विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर नोंद करायची असते, ती रांगेत बसून केली. बिल ८० युरोंच्या आसपास झालं, ते आम्हीच भरलं. आमच्या पॉलिसीत पहिले १०० डॉलर आपल्या खिशातून अशी अट होती, त्यामुळे परत काहीच मिळालं नाही. बाळाच्या बाबतीत खर्च होतो तो असाच लहानसहान, तेव्हा ही रक्कम शून्य असलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्यावी असं माझं मत झालं आहे.

म्युनिक म्हणून फारसं बघितलं नाही. इंग्लिश गार्डनमध्ये झाडाखाली दुपटं पसरून बसलो. डीएम या दुकानांच्या साखळीशी मात्र मैत्री झाली. तिथे बाळाला बदलायचं टेबल असतं आणि त्यावर वापरायला डायपर फुकट ठेवलेले असतात. बाळाच्या जेवणाच्या बाटल्या साधारण एक ते दीड युरोला, त्यांवर वय लिहिलेलं. शाकाहारी असाल तर फोनच्या कॅमेऱ्याने घटक वाचून घ्या, भाजीच्या चित्राच्या बाटलीतही मांस असू शकतं. आणि शनिवारी दुपारीच रविवारचे डायपर घ्या.

२० मेला स्वित्झर्लंड. चलन फ्रँक, आणि युरोपीय संघाचं म्हणून घेतलेलं फोनचं सिमकार्ड इथे चालेलच असं नाही. ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला जायचं आम्ही आधीच टाळलं होतं. इतक्या लहान बाळाला इतक्या झपाट्याने इतक्या उंचीवर नेऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याऐवजी ल्युसर्नहून बोटीने फिट्झनाऊ आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीने रिगी. १८७१ मध्ये सुरू झालेली ही युरोपातली या प्रकारची पहिली डोंगरी रेल्वे. शिखर सुमारे १,८०० मीटर. वर गार वारं होतं, टोपडं आणि लोकरी झबलं मे महिन्यातही लागलं. ती गवतावर बसली, एका फुलाकडे बराच वेळ बघितलं आणि ते खाल्लं.

२४ मेला झुरिकहून पॅरिस, पुन्हा चार तास.

पॅरिसमध्ये पायऱ्या आहेत. मेट्रो १९०० सालची आणि बहुतेक स्टेशनांत जिन्याशिवाय वाट नाही. फक्त १४ क्रमांकाच्या मार्गावर सगळीकडे लिफ्ट. पहिल्या दिवशी बाबागाडी दोघांनी दोन बाजूंनी धरून चार स्टेशनं चढलो-उतरलो. कोणी ना कोणी न विचारता हात लावत होतं, पण पाठ आपलीच. दुसऱ्या दिवसापासून बस. बसमध्ये बाबागाडी न मिटता मधल्या दाराशी उभी करता येते, तिकीट २०२५ मध्ये २ युरो होतं (मेट्रोचं २.५०), चार वर्षांखाली मोफत, आणि खिडकीतून शहर दिसतं. उशीर होतो, होऊ द्या.

लूव्र संग्रहालय १८ वर्षांखालच्यांना मोफत आहे. आयफेल टॉवरला चार वर्षांखाली पैसे पडत नाहीत, पण शून्य रुपयांचं का होईना, तिच्या नावचं तिकीट घ्यावंच लागतं, आणि बाबागाडी मिटणारी हवी. मोनालिसाच्या गर्दीत शिरलो नाही. लेक ज्या दालनात झोपली त्या दालनातल्या शिल्पांसमोर तासभर बसलो, इतकं निवांत मी एरवी कधीच बघितलं नसतं.

अडचण झाली ती उजेडाची. मेअखेर पॅरिसमध्ये साडेनऊपर्यंत लख्ख असतं. म्युनिकच्या खोलीला बाहेरून ओढायच्या पट्ट्यांचे पडदे होते, इथे पातळ पडदा. खिडकीला काळ्या कचऱ्याच्या पिशव्या चिकटपट्टीने लावल्या, ती आठला झोपू लागली. हॉटेलांत रात्रीचं जेवण सात-साडेसातच्या आधी मिळत नाही, म्हणून आम्ही दुपारचं जेवण मोठं घ्यायचो. दुपारी ठरावीक थाळीसारखं स्वस्तही मिळतं.

२९ मेला परतीचं विमान. सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला आणि पाण्याला लागू नसतो. प्रवासापुरतं न्यायचं आणि ते वेगळं काढून दाखवायचं. आमच्या बाटल्या एका यंत्रात तपासून परत दिल्या, पाच मिनिटं जास्त गेली. घरी आल्यावर वेळेचा फरक उलटा झाला : आठवडाभर ती रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागी.

आता पुढच्या वेळेचा हिशेब. विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र जागा घ्यावी लागते, आणि जाताना दोनच्या आत पण परतताना दोन पूर्ण असतील तर परतीची जागा विकत. व्हिसाचं शुल्क आणि ऑस्ट्रिया-जर्मनीतलं रेल्वेचं भाडं सहा वर्षांपर्यंत नाही. पॅरिसची बस चारपर्यंत. लेक जुलै २०२६ मध्ये दोनची होईल.